तळावलीचे चर्च



मी विषय कळवला तेव्हा चिटणिसांचा मला मुद्दाम फोन आला. "नक्की हाच ना?" असे त्यांनी दोनदा विचारले. त्यांचे नवल मी समजू शकतो. ज्याचे आयुष्य गेटसभांत गेले त्याने बोनसवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. खेड्यातल्या कॅथलिक चर्चवर बोलण्याचा त्याला अधिकार काय? अधिकार नाहीच. मी ख्रिस्ती नाही. वास्तुशास्त्र शिकलेलो नाही. पोर्तुगीज मला येत नाही. दहावीला शाळा सुटली ती सुटलीच, आणि पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभासद यायच्या आधीच्या तासाभरात वाचले. पण आधी कारखान्यात आणि नंतर बांधकाम मजुरांत काम केल्यामुळे एक खोड लागली आहे. मोठी इमारत दिसली की तीन प्रश्न मनात येतात. ही बांधली कोणी? पैसे कोणाचे? आणि बांधून झाल्यावर आत कोणाला बसू दिले? आज हेच तीन प्रश्न एका चर्चला विचारायचे आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांनी वसईचा किल्ला पाहिला असेल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो घेतला, आणि त्यातल्या चर्चची छपरे गेलेली, कमानी उघड्या पडलेल्या, आत झाडे माजलेली असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे असते. त्यामुळे जुने पोर्तुगीज चर्च म्हणजे पडके चर्च अशी आपली समजूत होते. गोव्यात गेलो तर जुन्या गोव्यातला बॉम जीझस आणि सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी पाहून आपण परत फिरतो. मी ज्या चर्चविषयी बोलणार ते पडकेही नाही आणि सहलीच्या गाड्या थांबतात तिथलेही नाही. तिसवाडी तालुक्यात, जुन्या गोव्याच्या दक्षिणेला, पिलारच्या टेकडीपासून जवळच तळावली नावाचे खेडे आहे. फोंडे तालुक्यातही एक तळावली आहे, ती वेगळी. या तळावलीला लोक तिथल्या चर्चच्या नावानेच ओळखतात, सांतान म्हणून. संत आना म्हणजे मरियेची आई, येशूची आजी. तेव्हा हे आजीचे देऊळ आहे असे म्हटले तरी चालेल. गावात दंतकथाही तशीच आहे. डोक्याला टोपी, हातात काठी अशी एक म्हातारी टेकडी उतरून आली आणि "मी इथे राहायला आले आहे" म्हणाली, असे सांगतात.

मी प्रथम तिथे गेलो तेव्हा माझ्याबरोबर आमच्या संघटनेतला एक गवंडी होता, कुडाळकडचा, चिऱ्याच्या कामात केस पिकलेला. वळणावरून गाडी पुढे आली आणि माडांच्या मागून ती पांढरीशुभ्र भिंत एकदम वर उठली. आजूबाजूला शेते, बैठी कौलारू घरे, आणि मध्येच पाच मजल्यांची दर्शनी भिंत! दोन अंगांना दोन चौकोनी मनोरे, मध्ये खिडक्यांवर खिडक्या, मजल्यामजल्याला आडव्या पट्ट्या, त्यांना छेदत वर जाणारे उभे अर्धस्तंभ, आणि माथ्यावर नक्षीदार त्रिकोणी शिखर. आमचा गवंडी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, पाच माळे बाहेरून आहेत. आत बघा, माळा नाही." आणि खरेच, आत गेल्यावर एकच उंच, लांब दालन. वर कमानदार छत, टोकाला वेदी, बाजूला लहान वेद्या आणि त्यांच्यावर सज्जे. बाहेरचे मजले हे इमारतीचे मजले नव्हेतच, ती भिंतीची मांडणी आहे. भिंत नुसती उंच असती तर डोंगरकड्यासारखी वाटली असती. मजले पाडल्यामुळे डोळा एकेक पायरी चढत वर जातो.

ही सगळी इमारत जांभ्याची आहे. आपल्या कोकणातला चिरा तोच हा. जांभ्याला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात. ते नाव फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश माणसाने १८०७ मध्ये, मलबारात अंगडीपुरमला लोक हा दगड कुऱ्हाडीने विटांसारखा कापून काढताना पाहून ठेवले. विटेला लॅटिनमध्ये 'लाटेर' म्हणतात. म्हणजे नाव साहेबाने दिले, पण ते सुचले ते खाणीतल्या मजुराच्या कामावरून. खाणीतून ताजा काढलेला जांभा मऊ असतो, वारा लागला की कठीण होतो. पण त्याच्या अंगाला भोके असतात, त्यामुळे त्यावर बारीक कोरीवकाम उठत नाही. म्हणून बॉम जीझसच्या दर्शनी भागासाठी काळा दगड थेट वसईहून आणावा लागला. खेड्याच्या चर्चला ते कुठले परवडणार? तिथे नक्षी करायची ती चुन्याच्या गिलाव्यात. शिंपा, वेली, कंगोरे, कळस, सगळे चुन्यात. हा चुना समुद्रातल्या आणि खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला. तेव्हा तळावलीची जी शोभा आपण पाहतो ती दगड फोडणाऱ्यापेक्षा थापी फिरवणाऱ्या हाताची आहे. त्या हातांची नावे कोठे लिहून ठेवलेली नाहीत.

हा गिलावा नुसता दागिना नाही, ती इमारतीची कातडी आहे. १९५० नंतरच्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने बॉम जीझसचा गिलावा खरवडून काढला. तांबडा दगड उघडा दिसला की इमारत प्राचीन आणि भव्य वाटते, अशी त्यामागची कल्पना. प्रवाशांना ती तांबडी भिंत फार आवडते, पण तेव्हापासून गोव्याचा पाऊस तो जांभा सतत झिजवतो आहे. तळावलीची भिंत पांढरी राहिली.

आणखी एक गोष्ट त्या गवंड्याने दाखवली. भिंती पोकळ आहेत. म्हणजे भिंतीच्या पोटातून माणूस चालत जाईल अशी वाट आहे, आणि तिचा उपयोग पापनिवेदनासाठी करीत. गोव्यात त्याला कुमसार म्हणतात. धर्माच्या दृष्टीने ती सोय झाली. गवंड्याची दृष्टी निराळी. तो म्हणाला, "एक जाड भिंत घालण्यापेक्षा दोन भिंती घाला आणि मध्ये आडवे बांध घाला. चिरा कमी लागतो आणि वरच्या कमानीचा रेटाही सोसतो." हे बरोबर की चूक ते इंजिनियर मंडळींनी सांगावे. मला एवढेच वाटले की तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी असाच हिशेब केला असेल, आणि तो कागदावर नसून अनुभवात असेल.

आता बांधली कोणी, या प्रश्नाकडे येतो. काम १६८१ साली सुरू झाले आणि १६९५ साली पुरे झाले. सुरू केले ते इथले मुख्य धर्मगुरू फादर फ्रान्सिस्को दो रेगो यांनी. ते १६८९ मध्ये वारले. पुढचे काम फादर आंतोनियो फ्रान्सिस्को दा कुन्हा यांनी पुरे केले. नावे ऐकून ही माणसे लिस्बनची वाटतील. नव्हेत. रेगो हे गोव्याचे, ब्राह्मण कुळातले देशी पाद्री. या चर्चचे महत्त्व इथेच सुरू होते.

त्या काळी देशी पाद्र्याची स्थिती काय होती? फ्रान्सिस्कन, जेझुइट, ऑगस्टिनियन असे जे युरोपियन संन्याशांचे संघ गोव्यात होते ते हिंदी माणसाला आत घेत नसत. बारदेशातली चर्चे फ्रान्सिस्कनांच्या ताब्यात, साष्टीतली जेझुइटांच्या. देशी पाद्री शिकलेला असो, लॅटिन बोलणारा असो, बहुधा त्याने दुय्यम राहायचे. दिवाडी बेटावरचे मातेउस दि कास्त्रो हे याला कंटाळून रोमला गेले, तिथे पोपच्या दरबारी १६३७ साली बिशप झाले. पण गोव्यातल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना मानले नाही. बाणावलीचे जोसेफ वाझ आणि त्यांचे सोबती यांनी तर १६८५ मध्ये देशी पाद्र्यांचा स्वतःचाच संघ उभारला. तुम्ही आत घेत नाही ना, मग आम्ही आमचा काढतो! हे वाझ पुढे श्रीलंकेत जाऊन राहिले आणि २०१५ साली रोमने त्यांना संतपद दिले. म्हणजे तळावलीची भिंत चढत होती त्याच दहा-बारा वर्षांत गोव्यातला देशी धर्मगुरू कंबर कसून उभा राहत होता.

आणि काळ तरी कसा! पाया घालून दोन वर्षे होत नाहीत तो संभाजी महाराजांच्या फौजा गोव्यावर आल्या. नोव्हेंबर १६८३ मध्ये त्यांनी जुवे बेट घेतले. जुने गोवे तिथून नदीपलीकडे. आल्वोरचा काउंट हा व्हाइसरॉय स्वतः लढायला गेला आणि जखमी होऊन परतला. त्याने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवापाशी आपला राजदंड ठेवून शहर संताच्या हवाली केले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. आणि याच व्हाइसरॉयने पुढच्या वर्षी, जून १६८४ मध्ये, हुकूम काढला की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. तीन वर्षांत भाषा बदला! हुकूम काढणारा गेला, भाषा राहिली.

अशा दिवसांत एका खेड्यातला काळा पाद्री पाच मजल्यांचे चर्च उभारतो. ते कोणासारखे? जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांचे एक प्रचंड चर्च होते, १५९७ ते १६०२ या काळात बांधलेले. पाच मजली मुख, दोन मनोरे. ज्या संघाच्या दारात देशी माणसाला प्रवेश नव्हता त्याच्याच दाराचा नमुना रेगोंनी खेड्यात आणला, असे अभ्यासक मानतात. जोझे परेरा या गोमंतकीय पंडिताने तळावलीला हिंदी बरोक शैलीचा उत्तम नमुना ठरवले आहे. पाउलो वारेला गोमिश या पोर्तुगीज अभ्यासकाने गोव्यातल्या चर्चवर २०११ साली जो ग्रंथ लिहिला त्यात ही वास्तुकला पोर्तुगालची नक्कल नसून गोव्याच्या लोकांची स्वतःची निर्मिती आहे असे प्रतिपादन केले. मी माझ्या भाषेत सांगतो. ही मागणीची सनद आहे. निवेदन कागदावर दिले तर साहेब टोपलीत टाकतो. पाच मजल्यांचे निवेदन टोपलीत कसे टाकणार?

रेगोंनी कागदावरही निवेदन दिले होते, हे मला फार उशिरा कळले, आणि तिथे माझ्या उत्साहाला थोडी खीळ बसली. चर्चचे काम चालू असतानाच, १६८६ साली, त्यांनी एक ग्रंथ लिहिला. आपल्या लोकांवर दुष्टाव्याने जी बालंटे घेतली जातात त्यांचे खंडन, असा त्याचा विषय. पण 'आपले लोक' म्हणजे कोण? सगळे हिंदी नव्हेत, सगळे गोमंतकीय ख्रिस्तीही नव्हेत, ब्राह्मण. याच तळावलीत जन्मलेले आंतोनियो जुआंव दे फ्रियास हेही पाद्री. दिवाडीचे सुंदर चर्च त्यांनी आखले असे मानतात. त्यांनीही १७०२ साली ब्राह्मण कुळाच्या थोरवीवर ग्रंथ छापला. त्याला १७१३ मध्ये लिओनार्दो पाइश यांनी उत्तर दिले. ते चारडो, म्हणजे क्षत्रिय. त्यांचे म्हणणे, थोर आम्ही! बाप्तिस्मा होऊन शंभर-दीडशे वर्षे झाली होती, पण वाद तोच राहिला होता.

पैसे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तरही याच वाटेने जाते. गोव्यातल्या गावांची मालकी गावकरी संस्थेकडे असे. मूळ घराण्यांचे पुरुष ते गावकार. जमीन सामाईक, तिचे उत्पन्न आधी गावखर्चाला आणि उरलेले वाटून. पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये या चालीरीती लिहून काढल्या आणि ही व्यवस्था बहुतांशी तशीच ठेवली. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि १५४१ मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले. गोव्यातल्या खेड्यांतली चर्चे अशा गावकरीच्या पैशावर उभी राहिली आणि टिकली. ऐकायला किती छान! गावाने वर्गणी काढून देऊळ बांधले. पण ते उत्पन्न येत होते भातशेतीतून, खाडीच्या कडेला बांध घालून राखलेल्या खाजणातून. आणि त्या चिखलात उतरणारा कुळंबी गावकार नव्हता. चर्चमध्ये कॉन्फ्रारिया म्हणून बंधुमंडळे असत. उत्सवाचा मान त्यांचा, मिरवणुकीतला झगा त्यांचा. गोव्यातल्या अनेक गावांत ही मंडळे जातवार होती आणि खालच्या जातीला तिथे मज्जाव होता. विसाव्या शतकातही त्यावरून खटले आणि भांडणे झाली आहेत.

मंडळी, हे मी बोट दाखवण्यासाठी सांगत नाही. बोट दाखवायचे तर आधी माझ्याकडे वळते. मी तरुणपणी ज्या कारखान्यात होतो तिथे आमची युनियन जोरात होती. मालकाने आम्हाला माणसासारखे वागवावे म्हणून आम्ही बावन्न दिवस संप केला. त्या बावन्न दिवसांत आमच्याबरोबर बाहेर बसलेले शंभरावर कंत्राटी कामगार होते. समेट झाला. पगारवाढ कायम कामगारांना मिळाली. कंत्राटी माणसे युनियनची सभासदच नव्हती. आमच्या घटनेत तशी तरतूद नव्हती आणि ती करण्याचा ठराव मीच पुढच्या सभेवर ढकलला होता. त्यातला एक जण फाटकाशी मला म्हणाला, "भाऊ, झेंडा आम्हीपण धरला होता." मला उत्तर देता आले नाही. म्हणून फ्रान्सिस्को दो रेगोंविषयी मी वाचतो तेव्हा मला त्यांचा राग येत नाही. वरच्याकडे समान वागणूक मागणे आणि खालच्याला ती न देणे, ही दोन्ही कामे एकच माणूस, एकाच दिवशी, शुद्ध मनाने करू शकतो हे मला ठाऊक आहे.

पण भिंतीचे तसे नसते. भिंत बांधणारा हात एका घरी अडकून पडत नाही. मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकात, छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या आश्रयाने उभे राहिले. पुढच्या वेळी गेलात तर दर्शन झाल्यावर बाहेर या आणि निवांत पाहा. गोल कमानीच्या खिडक्या, भिंतीतले अर्धस्तंभ, अष्टकोनी शिखर, मजल्यामजल्याची दीपमाळ. ही सगळी चर्चच्या भाषेतली अक्षरे आहेत. पोर्तुगीजांच्या हद्दीत देवळे पाडली, देव नदीपलीकडे गेले, आणि मागाहून त्यांची घरे बांधताना गवंड्यांनी चर्चवर शिकलेली करामत तिथे नेली असावी. याला कोणत्या धर्माची वास्तुकला म्हणायचे ते आपण ठरवा. मी तिला गवंड्याची म्हणतो.

तळावलीने ज्याचा नमुना घेतला त्या ऑगस्टिनियन चर्चचे काय झाले, हे सांगायचे राहिले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्याशांचे संघ बरखास्त केले. संन्यासी गेले, आणि त्यांच्यामागे त्या चर्चला गाव नव्हते. १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. त्याची घंटा पुढे पणजीच्या चर्चमध्ये गेली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत पडली, १९३८ मध्ये आणखी काही भाग. आज तिथे सुमारे ४६ मीटर उंचीचा एक अर्धा मनोरा उभा आहे. तो कसा होता हे पाहायचे तर तळावलीला जावे लागते. कारण तिथे फिर्गज होती, म्हणजे रोजचा धर्मग्राम होता. बारसे, लग्न, मयत याच छपराखाली होत होती, कौल फुटले तर कोणाच्या तरी डोक्यावर पाणी पडत होते, म्हणून कोणीतरी कौल बदलत होते. गंमत अशी की १९८६ साली युनेस्कोने जुन्या गोव्याची जी वास्तुयादी केली तिच्यात तो पडका मनोरा आहे, उभी तळावली नाही.

शेवटी थोडे फेस्ताविषयी. जुलैच्या शेवटच्या रविवारी इथे तवशाचे फेस्त भरते. तवसे म्हणजे काकडी. ज्यांना मूल हवे ती जोडपी आजीपुढे काकडी ठेवतात. ज्याला बायको हवी तो तरुण पळी ठेवतो आणि नवरा शोधणारी मुलगी उडीद ठेवते. पोर्तुगीजमध्ये काकडीला पेपीनो आणि मुलाला मेनीनो, चमच्याला कोल्येर आणि बायकोला मुल्येर, असा यमकाचा मेळ आहे. व्याकरणाचे इतके उपयुक्त काम मी दुसरीकडे पाहिले नाही. फेस्ताला सगळ्या जातींचे, आणि हिंदूसुद्धा, येतात. काकडी कोणी आणली हे आजी विचारत नाही.

जायचे असेल तर गर्दी नको म्हणून इतर दिवशी जावे, आणि शक्य तर पावसाच्या आधी, मे महिन्यात. सकाळचे ऊन दारावर नसते, तेव्हा संध्याकाळी जा. समोरच्या मोकळ्या जागेत मागे मागे सरकत जाऊन पाचही मजले एका नजरेत येतील तिथे थांबा. मग आत जाऊन देखभाल करणाऱ्या माणसाला विनंती करा, तो भिंतीच्या पोटातली वाट दाखवील. आमच्या गवंड्याने त्या वाटेत एका ठिकाणी पडलेला गिलावा पाहिला आणि भिंतीवर हात ठेवून तो उभा राहिला. बाहेर आल्यावर हातावरचा चुना त्याने धोतराला पुसला आणि मला म्हणाला, "इथे सिमेंट लावू नका म्हणावे त्यांना." मी तो निरोप पोचवला.